केलें कोणीं, भोगावें कोणीं ?

वऱ्हाडांतील वाशीम हें शहर आज बहुतेकांस तेथील बालाजीच्या देवळामुळें आणि पद्मतीर्थामुळें ठाऊक आहे. १९९८ सालीं अकोला जिल्ह्याचा कांहीं भाग वेगळा काढून नवा वाशीम जिल्हा करण्यांत आला, तेव्हांपासून तें जिल्ह्याचें ठिकाणही झालें. परंतु सोळाशें वर्षांपूर्वीं या नगराची योग्यता याहून पुष्कळ मोठी होती. त्या काळीं त्याचें नांव वत्सगुल्म, आणि वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानें ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथांत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचें लग्न लावलें तें याच नगरांत. साहित्याच्या अभ्यासकांस वत्सगुल्माची आठवण होते ती या लग्नामुळें. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानें मात्र तें नांव दुसऱ्या एका कारणासाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. याच एका दरबारांतून, चार पिढ्यांच्या अंतरानें, दोन दानें झालीं. आणि त्या दोन दानांच्या मागें माणसाच्या ‘मी’ विषयींच्या दोन अगदीं भिन्न समजुती उभ्या आहेत.

पहिलें दान वेदवेत्त्या ब्राह्मणांस झालेलें आहे. १९३९ सालीं वाशीम येथें कांहीं ताम्रपट उजेडांत आले. दुसरा विंध्यशक्ति या वाकाटक राजानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं, म्हणजे चवथ्या शतकाच्या उत्तरार्धांत केव्हां तरी, ते वत्सगुल्माहून दिलेले आहेत. त्यांत वंशावळीचा भाग संस्कृत आणि पुढील व्यवहाराचा मजकूर प्राकृत आहे. पूर्वजांचा गौरव करावयाचा तो देववाणींत आणि गांवकऱ्यांस हुकूम कळवावयाचा तो त्यांना समजेल अशा बोलींत, हा सोईचा शिरस्ता त्यांत दिसतो. राजाचा आजोबा पहिला प्रवरसेन यानें चार अश्वमेध केले आणि आणखी कितीएक यज्ञ केले याची नोंद त्यांत आहे. राजा स्वतःस धर्ममहाराज म्हणवितो. दान आहे एका गांवाचें. गांव नंदिकट म्हणजे हल्लींचें नांदेड, त्या बाजूचें आहे. आणि घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण आहेत. दानाचा हेतु राजानें उघड सांगितला आहे : विजय मिळावा, आयुष्य आणि बळ वाढावें, या लोकीं आणि परलोकीं कल्याण व्हावें. या सगळ्या व्यवहाराला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. आज दान देणारा राजा आणि उद्यां परलोकीं त्याचें फळ घेणारा जीव हे दोघे एकच असले पाहिजेत. तसें नसेल तर गांव गेलें राजाचें आणि स्वर्ग मिळाला भलत्यालाच, असा प्रकार व्हावयाचा.

दुसरें दान पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, हरिषेण राजाच्या वेळचें आहे. हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्याचा पिता हस्तिभोज हाही हरिषेणाच्या पित्याच्या, देवसेनाच्या, पदरीं मंत्रीच होता. या वराहदेवानें अजिंठ्याच्या डोंगरांत, आज सोळाव्या क्रमांकानें ओळखलें जाणारें लेणें कोरवून तें बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केलें. तेथील शिलालेखांत वाकाटक राजांची वंशावळ दिलेली आहे. अजिंठ्यापासून जवळच घटोत्कच नांवाचें आणखी एक लेणें आहे. तेथील लेखांत याच मंत्रिकुळाची हकीकत असून कुळाचा मूळ पुरुष ब्राह्मण होता असें म्हटलें आहे. म्हणजे यज्ञ करणाऱ्या राजवंशाचा, ब्राह्मणी मुळाच्या घराण्यांतला मंत्री भिक्षूंसाठीं विहार कोरवितो, आणि राजाला त्यांत वावगें कांहींच वाटत नाहीं. अजिंठ्यांतील लहानसहान दानलेखांत एक ठराविक आशय पुन्हां पुन्हां येतो : या दानांत जें पुण्य असेल तें आईबापांपासून आरंभ करून सर्व प्राणिमात्रांच्या ज्ञानप्राप्तीस कारण होवो. येथें देणारा पुण्याची गांठ स्वतःच्या उपरण्याला बांधून घेत नाहीं. हातांतलें सोडून देतो.

त्या काळचे राजे सर्व पंथांस उदार हातानें देत असत, एवढें सांगून इतिहासकार पुढें जातील, आणि तें खरेंही आहे. परंतु भिक्षु ज्या मताचे होते त्यांत दात्याचा टिकून राहणारा, एका देहांतून दुसऱ्या देहांत जाणारा आत्माच नव्हता. मग पुण्य कोणाच्या नांवें जमा व्हावयाचें ? आणि पापाचा जाब कोणापाशीं मागावयाचा ? हिंदु आणि बौद्ध पंडितांत शेंकडों वर्षें जो वाद चालला त्याचें मर्म या प्रश्नांत आहे. छातीच्या पिंजऱ्यांत आत्मा नांवाचा एखादा पक्षी आहे कीं नाहीं, एवढ्यापुरताच हा वाद असता तर तो इतका चिवटपणें चालला नसता.

प्रश्न संसारी माणसाच्या भाषेंत असा मांडतां येईल. एखाद्यानें विशींत असतांना कर्जरोख्यावर सही केली. पुढें तो चाळिशीला पोंचला, केस पिकूं लागले, स्वभाव पालटला, आणि अशा वेळीं सावकार दारांत उभा राहिला. ‘सही करणारा तो तरुण वेगळा होता, त्याच्याकडे मागा,’ ही सबब कोणतेंही न्यायालय ऐकणार नाहीं. तें कां ऐकणार नाहीं याचें कारण मात्र दोन प्रकारांनीं देतां येतें. वैदिक परंपरेंतला पंडित म्हणेल : देह बदलला, मन बदललें, पण ज्याचा तो देह आणि ज्याचें तें मन तो आंतला एकच आहे, म्हणून देणें त्याचेंच. बौद्ध पंडित म्हणेल : आंतला असा कोणी नाहीं; परंतु आजचा हा माणूस त्या तरुणापासूनच, कारणामागून कार्य या अखंड क्रमानें झालेला आहे, दुसऱ्या कोणापासून नव्हे; आणि देणें लागू होण्यास एवढें पुरे आहे.

वैदिक पंडितांनीं या दुसऱ्या उत्तरावर दोन दोष लावले, आणि त्यांचीं नांवें शास्त्रांत कायमचीं होऊन बसलीं. पहिला कृतनाश : ज्यानें कर्म केलें तो क्षणांत नाहींसा झाला, म्हणजे केलेलें फुकट गेलें. दुसरा अकृताभ्यागम : ज्यानें कांहींच केलें नाहीं त्याच्या पदरीं फळ येऊन पडलें. चोरी एकानें करावी आणि फटके दुसऱ्यानें खावे, हा अन्याय जगाच्या मुळाशींच आहे असें मानावें लागेल, हा त्या आक्षेपाचा भावार्थ. आक्षेप पोरकट नाहीं. त्याला उत्तर देण्यांत बौद्ध पंडितांची बरीच बुद्धि खर्चीं पडली आहे.

तें उत्तर पाहण्यापूर्वीं एक खुलासा अवश्य आहे. ‘हिंदूंचें आत्म्याविषयींचें मत’ असें एकच मत नाहीं. कठोपनिषदांतला नचिकेता यमाच्या दारीं जाऊन विचारतो तो हाच प्रश्न : माणूस मेल्यावर तो असतो असें कित्येक म्हणतात, नसतो असें कित्येक म्हणतात, तर खरें काय ? यमासारखा अधिकारी देखील आधीं धन, पुत्र, राज्य यांचें आमिष दाखवून हा प्रश्न टाळूं पाहतो. पुढें दर्शनकारांनीं जीं उत्तरें दिलीं तीं एकमेकांशीं जुळत नाहींत. मीमांसकाला आत्मा हवा तो यज्ञाचें फळ घेण्यासाठीं. वत्सगुल्माच्या ताम्रपटांतले ब्राह्मण ज्या कर्मकांडांत वाढले त्याला हाच आत्मा जवळचा. सांख्यांचा पुरुष पाहतो, पण करीत कांहींच नाहीं; आणि असे पुरुष अनेक आहेत. नैयायिकांच्या मतें ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, स्वभाव नव्हे. मोक्षांत ज्ञानही उरत नाहीं. ‘मग मोक्ष म्हणजे दगड होणें,’ अशी त्यांची थट्टा इतर हिंदु पंडितांनींच केली. अद्वैत वेदान्त्यांचा आत्मा एकच एक, सर्वांचा मिळून. तर रामानुजांस जीव अनेक आणि खरे वाटतात. चार्वाकाला यांतलें कांहींच मान्य नाहीं. एवढें असूनही चार्वाकाखेरीज या सर्वांचें एका गोष्टीवर एकमत आहे : पाहिलेलें, ऐकलेलें, भोगलेलें एका सूत्रांत ओवणारा कोणी तरी टिकाऊ असला पाहिजे.

या मतासाठीं नैयायिकांनीं दिलेली युक्ति मोठी घरगुती आहे. कैरी दिसतांच तोंडाला पाणी सुटतें. पाहिली ती डोळ्यानें, पाणी सुटलें जिभेला. डोळ्याला आंबट कळत नाहीं आणि जिभेला हिरवें दिसत नाहीं. मग डोळ्याची बातमी जिभेपर्यंत पोंचविणारा, पूर्वीं चाखलेल्या कैरीची आठवण ठेवणारा, डोळा आणि जीभ या दोहोंचा धनी कोणी तरी हवा. तोच आत्मा. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत ही युक्ति आणखी धारदार केली. काल पाहिलेली नदी आणि आजची नदी एकच कीं केवळ सारखी, अशी शंका बाहेरच्या वस्तूविषयीं येऊं शकेल. पण काल पाहणारा मी आणि आज आठवणारा मी एकच कीं नुसते सारखे, अशी शंका कोणालाही स्वतःविषयीं कधीं येत नाहीं. क्षणोक्षणीं नवा जाणणारा निर्माण होतो असें म्हणणाऱ्यानें या अनुभवाची वाट लावून दाखवावी, असें आचार्यांचें आव्हान आहे.

आतां बौद्ध पक्ष. सारनाथ येथें पहिल्या पांच शिष्यांना बुद्धानें जो दुसरा उपदेश केला तो अनात्म्याविषयींचाच, असें पालि ग्रंथ सांगतात. त्यांतली विचारसरणी साधी आहे. माणूस म्हणून जें कांहीं आहे त्याचे पांच गठ्ठे करतां येतात : रूप म्हणजे देह, वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, संज्ञा म्हणजे ओळख, संस्कार म्हणजे मनाच्या प्रवृत्ति, आणि विज्ञान म्हणजे जाणणें. यांतला एक तरी गठ्ठा माझ्या हुकमांत आहे काय ? देह आजारी पडूं नये म्हटलें तरी पडतो. मन शांत राहावें म्हटलें तरी राहत नाहीं. जें माझ्या हुकमांत नाहीं, जें बदलतें आणि दुखवितें, त्याला ‘मी’ किंवा ‘माझें’ म्हणण्यांत अर्थ काय ? पांचांपलीकडे सहावें कांहीं सांपडत नाहीं.

पण याच बुद्धाविषयीं आणखी एक कथा आहे आणि ती पुष्कळदां विसरली जाते. वच्छगोत्त, म्हणजे संस्कृतांत वत्सगोत्र, नांवाच्या परिव्राजकानें त्याला सरळ विचारलें, आत्मा आहे कीं नाहीं ? बुद्ध दोन्ही वेळां गप्प राहिला. परिव्राजक निघून गेल्यावर आनंदानें कारण विचारलें. ‘आहे’ म्हटलें असतें तर शाश्वतवाद्यांच्या पंक्तींत बसल्यासारखें झालें असतें. ‘नाहीं’ म्हटलें असतें तर आधींच गोंधळलेल्या त्या माणसाला ‘पूर्वीं माझ्यापाशीं आत्मा होता, तो आतां गेला’ असें वाटून तो अधिकच गोंधळला असता, असें बुद्धानें सांगितलें. (वत्सगोत्र आणि वत्सगुल्म या नांवांतलें साम्य हा योगायोगच, परंतु वाशीमच्या रहिवाशाला तें सुखावणारें आहे.) तेव्हां बौद्धमत म्हणजे ‘मेलें कीं संपलें’ असें जे समजतात ते बौद्धांवर अन्याय करतात. असें मानणाऱ्याला बौद्ध ग्रंथ उच्छेदवादी म्हणतात आणि त्याला ठामपणें नाकारतात.

वाकाटकांच्या काळाच्या आगेंमागें उत्तरेंत या वादाला मोठें तोंड लागलें होतें. सहाव्या शतकांत चीनमध्यें जाऊन राहिलेल्या परमार्थ नांवाच्या पंडिताच्या नांवावर आचार्य वसुबंधूचें एक चरित्र आहे. त्यांत विंध्यवास नांवाच्या सांख्य पंडितानें अयोध्येच्या वादसभेंत वसुबंधूचा गुरु बुद्धमित्र याचा पराभव केल्याची हकीकत आहे. वसुबंधु परगांवाहून परत आला तों विंध्यवास वारला होता. प्रतिपक्षीच उरला नाहीं, म्हणून वसुबंधूनें सांख्यमताच्या खंडनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहून गुरूचा वचपा काढला. याच वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’ला जोडलेलें नववें प्रकरण सबंध आत्मवादाच्या खंडनाला वाहिलेलें आहे. गंमत अशी कीं त्या प्रकरणांतले मुख्य प्रतिवादी बौद्धच आहेत. वात्सीपुत्रीय या बौद्ध पंथाचे लोक म्हणत, कीं पंचस्कंधांहून वेगळाही नाहीं आणि तेच तो असेंही नाहीं, असा एक ‘पुद्गल’ मानलाच पाहिजे. जसा अग्नि इंधनाहून वेगळाही सांगतां येत नाहीं आणि इंधनच तो असेंही म्हणतां येत नाहीं. घरच्याच मंडळींना अनात्मवाद पचविणें किती जड गेलें, हें यावरून दिसतें.

कृतनाशाच्या आक्षेपाला वसुबंधूच्या परंपरेचें उत्तर ‘संतान’ या शब्दांत आहे. संतान म्हणजे प्रवाह, मालिका. फळ बीजापासूनच येतें, तरी बीज जसेंच्या तसें फळांत जाऊन बसत नाहीं. मध्यें अंकुर, खोड, पान, फूल अशी रांग आहे. कर्माचें फळही त्याच प्रवाहांत पिकतें. देवदत्तानें पाहिलेलें यज्ञदत्ताला कां आठवत नाहीं ? कारण ते दोन वेगळे प्रवाह आहेत, एकाचा दुसऱ्याशीं तसा कार्यकारणसंबंध नाहीं. आठवायला आत्मा लागत नाहीं. ठसा लागतो आणि त्या ठशाची अखंड परंपरा लागते.

मग जातककथांचें काय ? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर राजपुत्र आहे, षड्दंत हत्ती आहे, मातृभक्त हत्ती आहे, शिबि राजा आहे. हें लेणेंही हरिषेणाच्या राजवटींतच, त्याच्या एका मांडलिकानें कोरविलें. या सर्व कथांच्या शेवटीं बुद्ध म्हणतो, त्या जन्मींचा तो मीच. आत्मा नाहीं, तर हा ‘मी’ कोठून आला ? वसुबंधूच्या प्रकरणांत ही शंका घेतलेली आहे आणि तिचें उत्तर आहे असें : वणवा या डोंगरावरून त्या डोंगरावर गेला असें लोक म्हणतात, तेव्हां तीच ज्वाळा चालत गेली असें कोणालाही म्हणावयाचें नसतें, एका गवताच्या काडीनें दुसरी पेटविली एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘तो मीच’ हें बोलणें तशा प्रकारचें. याच लेण्याच्या ओसरींत डाव्या हाताला एक मोठें चक्र रंगविलेलें आहे; आज तें फार भग्न झालें आहे. अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या बारा कड्या ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, त्यांचें तें भवचक्र. विहाराच्या दारांत असें चक्र काढावें आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तें समजावून देण्यासाठीं एक भिक्षु नेमावा, असा नियम विनयग्रंथांत सांपडतो. त्या भिक्षूची कामगिरी सोपी नसावी. कारण चक्रांत जन्म आहे, मरण आहे, तृष्णा आहे. पण जन्मणारा म्हणून एखादें नांव घातलेलें घर मात्र नाहीं.

दोन्ही पक्षांतला खरा भेद समजण्यास वाशीमजवळचेंच एक उदाहरण उपयोगी पडेल. शहरापासून थोड्या अंतरावर हिस्से-बोराळा या गांवीं देवसेनाच्या वेळचा एक शिलालेख मिळाला आहे. त्यांत शक ३८० म्हणजे इ. स. ४५८ हा काळ दिला असून, सुदर्शन नांवाचें तळें बांधल्याची नोंद आहे. आतां अशा एखाद्या तळ्याची कल्पना करावी. दर पावसाळ्यांत पाणी नवें येतें, उन्हाळ्यांत आटतें. गाळ साचतो, काढला जातो. बांधाचे दगड एकेक करून बदलले जातात. शंभर वर्षांनीं गांवकरी म्हणतात, हें आमच्या पणजोबांच्या वेळचें तळें. बौद्ध म्हणेल : पाणी, बांध, गाळ यांपलीकडे ‘तळें’ म्हणून काय उरतें ? नांव, आणि तें सोईचें आहे, तें खुशाल वापरावें. नैयायिक म्हणेल : ओळख इतकी निःशंक आहे तर ओळखली जाणारी वस्तु नाहीं कशी म्हणतां ? अद्वैती तिसरेंच सांगेल : पाणी तळें नव्हे, बांधही तळें नव्हे, हें खरें; पण हें सारें ज्यांत सामावलें तें आकाश या तळ्यांत आणि बाहेर एकच आहे, बांध फुटला तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

हल्लीं या विषयावर बोलणारे पुष्कळ वक्ते ‘अखेर दोघांचेंही म्हणणें एकच’ असें सांगून टाळ्या घेतात. ही तडजोड दोघांवरही अन्याय करणारी आहे. साम्य आहे तें एवढेंच कीं, रोजच्या व्यवहारांत जो भांडतो, रुसतो, मिरवितो, तो अहंकार खरा नव्हे, हें अद्वैती आणि बौद्ध दोघेही म्हणतात. गौडपादांच्या कारिकांत बौद्धांच्या परिभाषेची छाप दिसते, आणि मायावादाला ‘प्रच्छन्न बौद्ध’ अशी शिवी पडली ती हिंदूंकडूनच. परंतु अहंकार सोलून टाकल्यावर काय, या ठिकाणीं वाटा फुटतात. अद्वैती म्हणतो, सर्व निषेध करून झाल्यावर निषेध करणारा साक्षी उरतोच. त्याचा निषेध कोण करणार? बौद्ध म्हणतो, कांहीं तरी उरलेंच पाहिजे असा हट्ट हाच तृष्णेचा शेवटचा धागा आहे. युक्तिवादाच्या कसोटीवर पाहिलें तर ‘मीच तो’ ही निःशंक प्रचीति कोठून येते हें सांगतांना बौद्धांची दमछाक होते; उलट, अविकारी, कांहींच न करणारा आत्मा मानल्यावर तो कर्मांत आणि फळांत गुंततो कसा हें सांगतांना अद्वैत्यांना आणि सांख्यांना अविद्या किंवा अविवेक यांचा आश्रय करावा लागतो. कृतनाशाचा दोष दुसऱ्यावर लावणें सोपें आहे. स्वतःच्या आत्म्याला कर्ता ठरविणें तितकें सोपें नाहीं.

वाशीम जिल्ह्यांतच कारंजा हें दुसरें प्रसिद्ध गांव आहे. ‘गुरुचरित्रां’तील नृसिंह सरस्वतींचें तें जन्मस्थान मानलें जातें. संन्यास घेणारा पुरुष दीक्षेच्या वेळीं स्वतःचें श्राद्ध स्वतःच्या हातानें करतो, ही चाल सुप्रसिद्ध आहे. नांव, गोत्र, नातें, मालमत्ता या सर्वांना मिळून जो ‘मी’ होता त्याला तो जिवंतपणीं पिंड देऊन मोकळा होतो. त्याच कारंज्यांत जैनांचीं जुनीं मंदिरें आणि हस्तलिखितांचीं भांडारें आहेत. जैनांचा जीव टिकाऊ आहे, परंतु दिव्याचा प्रकाश जसा खोलीएवढा पसरतो तसा तो देहाएवढा लहानमोठा होतो. एवढ्याशा टापूंत माणसाच्या अंतरंगाविषयीं तीन मतें शेजारीं शेजारीं नांदलीं. त्यांचा बाजार, विहिरी आणि पाऊसपाणी मात्र एकच होतें.

हा प्रश्न केवळ पोथ्यांचा नाहीं, हें १९५६ सालीं पुन्हां दिसून आलें. त्या वर्षीं १४ ऑक्टोबरला नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखों अनुयायांस दिली. त्यांनीं ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्ध करणार नाहीं, पिंडदान करणार नाहीं, अशी एक आहे. वऱ्हाडांतल्या गांवोगांवच्या घरांतून तेव्हां जें बदललें त्यांत मेलेल्या माणसाशीं वागण्याची रीत होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथांत आत्म्याचा विषय विस्तारानें आला आहे. आत्मा एका देहांतून दुसऱ्या देहांत जातो हें मत तेथें साफ नाकारलें आहे. पुनर्जन्म मानावयाचाच तर तो देहाच्या घटकद्रव्यांचा, व्यक्तीचा नव्हे, असें प्रतिपादन आहे. आणि गतजन्मींच्या पापामुळें माणूस आज हीन स्थितींत जन्मला, या समजुतीवर त्यांचा सर्वांत कडक प्रहार आहे. दारिद्र्य आणि अपमान यांचा जाब समाजाला विचारावयाचा, तर तो जाब मागच्या जन्मींच्या एका अदृश्य ‘मी’कडे वळवून समाज मोकळा होतो, असा त्यांचा आक्षेप.

येथें जुना आक्षेप उलटा फिरला आहे. प्राचीन पंडित बौद्धांस म्हणत, आत्मा नाकाराल तर न केलेल्याचें फळ माणसाला भोगावें लागेल. आंबेडकरांच्या म्हणण्याचा रोख असा कीं, जन्मोजन्मीं चालणारा आत्मा मानल्यामुळेंच या देशांतल्या कोट्यवधि माणसांना न केलेल्याचें फळ भोगावें लागलें. श्रीलंका, म्यानमार येथील परंपरागत बौद्धांना हें मत सर्वस्वीं मान्य नाहीं. ते गतजन्मींचें कर्म सोडीत नाहींत, आणि वसुबंधूही तें सोडीत नव्हता. आत्मा न मानतां गतकर्म मानणारा बौद्ध आणि दोन्ही न मानणारा बौद्ध, असे दोन पक्ष यामुळें आज समोरासमोर आहेत. अद्वैत्यालाही उत्तर द्यावें लागतेंच. सर्वांभूतीं आत्मा एक, हें ज्या परंपरेनें इतक्या उंच स्वरांत सांगितलें तिच्याच गांवांत पाणवठे वेगळे कां राहिले, या प्रश्नाला व्यवहार आणि परमार्थ यांचा भेद दाखविणें हें पांडित्याचें उत्तर होईल, समाधानाचें होणार नाहीं.

आज वाशीम जिल्ह्यांत बौद्ध कुटुंबें मोठ्या संख्येनें आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो, आणि विहारांविहारांतून रोज संध्याकाळीं त्या ग्रंथाचें मराठी वाचन होतें. भाद्रपदाचा वद्य पक्ष या तीन महिन्यांतच पडतो. त्या पंधरवड्यांत दुसऱ्या आळीला पितरांच्या नांवानें पान वाढून बाहेर ठेवलेलें असतें, घरचा कर्ता कावळ्याची वाट पाहत अंगणांत उभा असतो. आणि विहारांत त्याच सुमारास कोणी तरी तो भाग वाचीत असतें, ज्यांत आत्मा कोणीं पाहिला, असें विचारलेलें आहे.